आधी भिंत, मग चित्र

छत्रपती संभाजीनगरात अजिंठ्याच्या पद्धतीने भित्तिचित्र काढायची कार्यशाळा घ्यायची, तर शिकवणारा शिल्पकार आणि चित्रकार दोन्ही हवा. कारण निम्म्याहून जास्त वेळ रंगाला हातच लागत नाही.

सुरुवात दगडापासून. अजिंठ्याच्या काळ्या कातळात चित्राची भिंत घासूनपुसून गुळगुळीत केलेली नसते; छिन्नीच्या खुणा तशाच ठेवलेल्या असतात. गिलाव्याला धरायला काहीतरी हवं ना! म्हणून प्रत्येकाने आपल्या दगडी फरशीला आधी टाकी लावायची, पाट्याला लावतात तशी.

मग चिखल. चाळलेली माती, भाताचं तूस, बारीक वाळू, कापलेला वाख. हे पायाने तुडवायचं. लोक इथे लाजतात, पण दहा मिनिटांत सगळ्यांचे पाय सारख्याच रंगाचे होतात. वाळताना माती आकसते. वाख तिला धरून ठेवतो, नाहीतर भेगा पडतात. वाख कशाचा, यालाही महत्त्व आहे. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचं राजदेव सिंह आणि इथल्याच विद्यापीठातले मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली मांडलं. अजिंठ्यात ते नाहीत, आणि तिथला गिलावा किडीने बराच खाल्लाय. कार्यशाळेत अर्थातच अंबाडीवर भागवायचं.

जाड थरावर बारीक मातीचा थर, त्यावर चुन्याचा पातळ हात. वाळवायचं सावलीत आणि सावकाश. कार्यशाळा दोनच दिवसांची असेल तर आधी वाळवून ठेवलेल्या फरश्या हाताशी हव्यात.

आता रंग. युरोपातल्या फ्रेस्कोत चुना ओला असतानाच रंगवून मोकळं व्हावं लागतं. अजिंठ्यात तशी घाई नाही. कोरड्या पृष्ठभागावर चिकट द्रव्यात कालवलेला रंग चढतो. कार्यशाळेत डिंक चालतो. चूक दुरुस्त करता येते, एकाचं काम दुसऱ्याला पुढे नेता येतं. वीस जणांनी मिळून एक चित्र करणं जमतं ते यामुळेच. १८७२ नंतर जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कला शाळेतल्या आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या, त्याही अनेक हातांच्याच. त्यातल्या बऱ्याच १८८५ साली लंडनमधल्या आगीत जळाल्या.

पहिली रेघ गेरूची. मग सपाट रंग: पिवळी काव, हिरवी माती, चुना, काजळी. शेवटी गडद रेघ पुन्हा फिरवायची, आणि ती ज्याचा हात स्थिर त्याच्याकडे द्यायची. निळा मात्र दुकानातून आणावा. अजिंठ्याचा निळा लाजवर्द दगडाचा, आणि तो दगड सह्याद्रीत मिळत नाही.