कुडाची भिंत आणि आपलं ऑफिस

आज विषय ऑफिसच्या इमारतींचा, पण सुरुवात कोसबाडकडच्या जुन्या वारली घरापासून. या घरात छपराचं वजन लाकडी खांब पेलतात. भिंत म्हणजे नुसता कारवीचा कूड, वर शेणमातीचा लेप. घर वाढवायचंय? कूड काढा, पुढे बांधा. खांब जागेवरच. जुना कूड मातीत मिसळून जातो.

आता आपलं ऑफिस बघा. हायब्रिडमुळे एक दिवस गर्दी, दुसऱ्या दिवशी सामसूम. तरी चार जणांसाठी अख्ख्या मजल्याचा एसी चालू. टीम बदलली की जिप्समची पार्टिशनं फोडायची आणि राडारोडा टाकून द्यायचा.

उपाय कुडाचाच. खांब, जिने, पाण्याच्या लाइनी पक्क्या. बाकी सगळं स्क्रूवर, पुन्हा वापरता येईल असं. वायरिंग भिंतीत गाडायचं नाही, उचलता येणाऱ्या फरशीखालून न्यायचं. एसीचे झोन वेगळे. मजला अरुंद, म्हणजे उजेड मधल्या टेबलापर्यंत पोचतो. पुण्यात हडपसरला ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी सुझलॉनसाठी ‘वन अर्थ’ बुटकं, मोकळ्या अंगणांभोवती बांधलंय. बाहेरच्या पट्ट्या ऊन अडवतात, उजेड आत सोडतात.

नव्या ऑफिसात गेलात की एवढंच विचारा: ही भिंत हलवायची, तर काय काय तोडावं लागेल?