गाभ्यापर्यंत पोचणारी लहर: हेलिकॉन प्लाझ्मा स्रोत

दाट प्लाझ्मा हवा असेल तर जास्त वीज ओतावी, हा हिशेब वरवर बिनचूक वाटतो. प्रत्यक्षात तो लवकरच फसतो. दोन समांतर पट्ट्यांमध्ये 13.56 मेगाहर्ट्झची वीज दिली, तर वाढीव शक्तीचा मोठा वाटा आयनांना पट्ट्यांवर आदळवण्यात खर्ची पडतो आणि घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे हजार ते दहा हजार कोटी इलेक्ट्रॉनांच्या आसपास रेंगाळते. नळीबाहेर गुंडाळलेल्या कॉइलने ती लाख कोटींपर्यंत नेता येते, पण मग प्लाझ्माच आडवा येतो. तिथे रेडिओक्षेत्र साधारण अर्ध्या सेंटिमीटरपासूनच विरू लागतं आणि गाभ्यापर्यंत जेमतेम पोचतं. म्हणजे प्रश्न विजेच्या तुटवड्याचा नसून वाटेचा आहे.

ही वाट चुंबकीय क्षेत्राने मोकळी होते. नळीच्या अक्षाला समांतर काहीशे गॉसचं क्षेत्र ठेवलं की इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषांभोवती घुटमळतात आणि एरवी अडली असती ती लहर, म्हणजेच हेलिकॉन, दाट प्लाझ्मातूनही पुढे जाते. आकाशात वीज कडाडल्यावर पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून धावणाऱ्या ‘व्हिसलर’ लहरी याच घराण्यातल्या. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठात रॉड बॉसवेल यांनी 1970 मध्ये अशा लहरीने प्लाझ्मा तयार करून दाखवला. काचेच्या नळीत आर्गॉन आणि बाहेर तांब्याचा अँटेना. शक्ती वाढवत नेली की फिकट गुलाबी-जांभळी झाक एकदम पालटते, मधोमध प्रखर निळा पट्टा उमटतो आणि घनता पायरी चढल्यासारखी उडी घेते. त्याबरोबर जनरेटरला जाणवणारा प्लाझ्माचा विद्युत अवरोध (इम्पिडन्स) बदलतो, म्हणून त्याच्याशी मेळ घालणारे मॅचिंगचे कपॅसिटर पुन्हा जुळवावे लागतात. नाहीतर शक्ती जनरेटरकडे परत फिरते. अनुकूल स्थितीत घनता दहा लाख कोटींपर्यंत पोचते.

या स्रोतावर आक्षेप दोन आहेत. पहिला, ऊर्जा इलेक्ट्रॉनांना नेमकी कशी मिळते यावर तज्ज्ञांचं एकमत नव्हतं. प्लाझ्मा भौतिकशास्त्रज्ञ फ्रान्सिस चेन यांनी आधी लँडाउ क्षीणनाकडे, म्हणजे लहरीच्या वेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांनी तिची ऊर्जा शोषण्याकडे, बोट दाखवलं. पुढे नळीच्या कडेजवळच्या दुसऱ्या एका लहरीवर भर आला. पण त्यामुळे मोजलेली घनता खोटी ठरत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: चुंबकांचा खर्च आणि रुंद वेफरवर सारखेपणा राखण्याची अडचण. चिप कोरणाऱ्या कारखान्यांनी साध्या कॉइलचा स्रोत पसंत केला, तो उगाच नाही.

मात्र जिथे चुंबक असणारच आहे, तिथे या आक्षेपातली हवा निघून जाते. फ्रँकलिन चांग-डियाझ यांच्या ‘व्हॅसिमर’ या प्लाझ्मा इंजिनात पहिला टप्पा हेलिकॉनचाच आहे, कारण प्लाझ्मा वळवायला आणि बाहेर सोडायला तिथे चुंबकीय क्षेत्र लागतंच. शिवाय अँटेना प्लाझ्माबाहेर राहिल्याने झिजणारा इलेक्ट्रोडही उरत नाही. तेव्हा हेलिकॉनला सर्व कामांचा स्रोत म्हणणं चूक आणि प्रयोगशाळेतलं खेळणं म्हणणंही चूक. चुंबक आधीच हाताशी असेल, तिथे त्याचा विचार सर्वांत आधी व्हावा.