घोरणें आणि हृदय
घोरणारा मनुष्य गाढ झोंपला आहे असें समजून घरांत त्याची थट्टा होते. परंतु घोरणें मध्येंच थांबून तो गुदमरल्यासारखा दचकत असेल, तर ती थट्टेची गोष्ट नव्हे. स्थूल मनुष्याच्या गळ्याभोंवतीं मेद सांचतो; झोंपेंत तेथील स्नायू सैल पडतांच श्वासमार्ग मिटतो. रक्तांतील प्राणवायु घटतो, रक्तदाब चढतो आणि विश्रांतीच्या वेळींच हृदयाला कष्ट पडतात. वर्षानुवर्षें हें चालल्यास तें दुर्बल होण्याचें भय वाढतें. वजन उतरविल्यानें गुण येतो. शिवाय १९८१ सालीं सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनीं नाकावाटे दाबानें हवा सोडून हा मार्ग उघडा ठेवण्याची युक्ति प्रसिद्ध केली. अडचण एवढीच कीं, रोग्याला रात्रींचें कांहींच आठवत नाहीं. तें ठाऊक असतें शेजारीं निजणाऱ्यास. त्यानेंच संकोच सोडून डॉक्टरांस सांगावें.