पदकं बाजूला ठेवून

पहाटे ५

कुत्रा पारखायचा तर ऊन चढायच्या आत. धापा टाकणारा कुत्रा तोंडाने श्वास घेतो आणि तेवढं नाक कमी चालवतो. सात वाजताचा कुत्रा आणि अकरा वाजताचा कुत्रा, एकच असला तरी दोन वेगळे निघतात.

पोलिसांच्या श्वान पथकातून निवृत्त झाल्यापासून अशी बोलावणी येतात. आज एका खासगी सुरक्षा कंपनीला स्फोटकं हुंगणारा कुत्रा हवाय. सोबत त्यांचा तरुण श्वान हस्तक आहे. दिवे घाट चढताना त्याने मोबाइलवर एका पिवळ्या लॅब्रेडॉरचे व्हिडिओ दाखवले. मालकाच्या गुडघ्याला चिकटून चालतो, बोट हललं की बसतो.

“काका, हा तर तयारच आहे.”

“मालक चांगला तयार झालाय,” मी म्हटलं. “कुत्र्याचं जाऊन बघू.”

सकाळी ६.१५

ठरल्या वेळेच्या पाऊण तास आधी मालकांच्या केनेलवर पोचतो, मुद्दाम. आंघोळ घालून, पट्टा बांधून समोर आणलेला कुत्रा मला नको असतो. आता पिंजरे धुणं चाललंय. बादली आपटली की कोण मागे सरकतं आणि कोण बघायला पुढे येतं, ते गाडीतूनही दिसतं. कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात एक काळी लॅब्रेडॉर मादी पाण्याची नळी तोंडात धरून उभी आहे. पोरगा ओढतोय, पाणी तिच्या नाकात जातंय, ती शिंकते, पण नळी सोडत नाही.

मालक आले. मी काळीबद्दल विचारलं.

“घ्या की. पण तिला काहीच येत नाही हो.”

“बरंच झालं.”

सकाळी ७

दिवसातला खरा तास हा. शेजारचं पडीक रान निवडलं, गुडघाभर वाळलेलं गवत, वारा एका बाजूने. इथे यातला एकही कुत्रा आधी आलेला नाही. घरच्या मैदानावर कुत्रा पाठ केलेलं म्हणून दाखवतो.

रीत साधी आहे. चेंडू दाखवायचा, लांब गवतात फेकायचा, पण कुत्रा सोडायचा नाही. त्याला गोल फिरवायचं, थोडा वेळ थांबायचं, चेंडू पडला ती जागा डोळ्यांतून पुसू द्यायची. मग सोडायचं, तोंडातून शब्द न काढता. आता डोळे निकामी. नाक लावलं तरच चेंडू मिळणार. त्यानंतर फसवी फेक: हात फिरतो, चेंडू खिशातच राहतो. नसलेली वस्तू कुत्रा किती वेळ शोधतो आणि केव्हा मागे वळून माणसाच्या तोंडाकडे बघतो, हे मला पाहायचं असतं. स्फोटकांच्या कामात बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. सापडत नसतानाही शोधायची हौस टिकणं, ही ती चीज. ती असली तर वाढवता येते. नसेल तर कुठून आणणार?

व्हिडिओतला पिवळा, पदकवाला, पहिला आला. पहिला चेंडू त्याने छान आणला, समोर बसून दिला. फसव्या फेकीला मात्र दोन फेऱ्या मारल्या आणि मालकाकडे बघत उभा राहिला. काळी सुटली ती सुटलीच. वाऱ्याला आडवी पळाली, मध्येच डोकं झटकून वळली, पुन्हा हुंगत निघाली. चेंडू नव्हताच, तरी ती थांबेना. शेवटी मीच जाऊन धरून आणली. हस्तक माझ्याकडे बघायला लागला.

तिसरा मॅलिनॉय. त्याला चेंडूपेक्षा माझी बाही जास्त आवडली. कामाचा कुत्रा आहे, या कामाचा नाही.

सकाळी ९

सासवडचा एसटी स्टँड, मग ओळखीच्या एका गोदामातला लोखंडी जाळीचा जिना. खाली जमीन दिसते, पाऊल टाकलं की जाळी वाजते. मागून पत्र्याचा डबा पाडतो. दचकणं हा दोष नाही, दचकतात सगळेच. सावरून परत येतो का, डब्याला नाक लावतो का, ते बघायचं.

आणि इथे काळी पडली. डबा वाजला तशी पोट टेकून बसली. थोडा वेळ दिला, पुन्हा नेलं, तर दारातच अडली. तिसऱ्यांदा गोदाम लांबून दिसलं तरी शेपटी आत. एकदा घाबरणाऱ्या कुत्र्याबरोबर काम करता येतं. दर खेपेला भीती वाढत जाणाऱ्याबरोबर नाही. नळी धरून उभी असलेली काळी अजून माझ्या डोळ्यांसमोर होती, म्हणून मी नेहमीपेक्षा जास्त वेळ घालवला. उपयोग झाला नाही.

पदकवाला दचकला, मागे आला आणि मग डबा हुंगून त्यावर पंजा मारला. हे माझ्या हिशेबात नव्हतं.

सकाळी ११.३०

ऊन. चहा. मालकांनी फाइल काढली: वंशावळ, प्रमाणपत्रं, पदकांचे फोटो. मी पदव्यांना हसत नाही. माक्स फॉन श्टेफानिट्स यांनी १८९९ साली जर्मन शेफर्डची संघटना उभी केली. ही जात नुसती देखणी होत जाऊ नये, कामाची कुत्रीच पुढे वाढावीत, म्हणून तिथे शुट्झहुंडची परीक्षा आली. पदवी ही मुळात उपजत गुण पारखायची चाळणीच होती. मग चाळणीची भोकं केवढी हे सगळ्यांना कळलं आणि त्या मापाचे कुत्रे घडवले जाऊ लागले. पदकात कुत्रा किती आणि शिकवणारा किती, हे पदक सांगत नाही.

मालकांना आठ आठवड्यांची पिल्लंही विकायची होती. “आत्ताच कळतं बघा, कोण हुशार.” कळत नाही. स्वीडनच्या श्वान प्रशिक्षण केंद्रातल्या पिल्लांवरचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांच्या चाचणीवरून मोठेपणीची लायकी सांगता आली नव्हती. मग बोलणं झंजीरवर आलं, कुत्र्यांच्या गप्पांत ते येतंच. १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईच्या या लॅब्रेडॉरने ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिलं. त्याचा बाप कोणत्या शोमध्ये जिंकला होता, असं मला अजून कोणी विचारलेलं नाही.

दुपारी ४.३०

सकाळपासून मनात घोळत होतं: पदकवाला मागे वळून बघतो तो स्वभावाने, की दोन वर्षं “माझ्याकडे बघ” हेच शिकवल्यामुळे? शिकवणं जसं उणेपणा झाकतं तसं गुणही झाकू शकतं. मालकांना गावात पाठवलं, गाडीसकट. गाडीचा आवाज विरेपर्यंत थांबलो. कुत्र्याच्या गळ्यातला रोजचा पट्टा काढून साधी दोरी लावली. चेंडूऐवजी त्याने कधी न पाहिलेला गोणपाटाचा तुकडा घेतला, थोडी ओढाओढ केली आणि अंधाऱ्या गोदामात एका कुलूपबंद कपाटामागे लपवला.

आधी तो माझ्याकडे बघत बसला. मी भिंतीकडे तोंड केलं. बराच वेळ काही नाही. मग नखांचा आवाज, नाकाचा फुरफुराट. वळलो तेव्हा तो कपाटाची फट खरवडत होता. मी काही बोललो नाही. तो खरवडतच राहिला, एकदाही मागे न बघता.

संध्याकाळी ६.३०

मालक पदकांसकट किंमत सांगतात. मी पदकं वजा करून सांगतो.

“भाऊ, एवढी मेहनत घेतलीय त्याच्यावर!”

“तीच तर आता उतरवायची आहे.”

खुब्याच्या एक्स-रेच्या अटीवर व्यवहार ठरला. काळीसाठी मी त्यांना शेतावरचं एखादं चांगलं घर बघायला सांगितलं.

घाट उतरताना हस्तकाने वही काढली. उद्यापासून काय शिकवायचं?

“काही नाही. गोणपाट लपव, शोधू दे, सापडलं की खेळ. महिनाभर त्याला ‘बस’ म्हणायचं नाही. आणि तो तुझ्याकडे बघायला लागला की तू दुसरीकडे बघ.”

त्याने तेवढंच लिहून घेतलं.