रोल विमानाच्या पोटात घालू नका

खडकीकराला लोहगावचं विमानतळ तसं जवळच. होळकर पूल ओलांडायचा, विश्रांतवाडीवरून पुढं जायचं. खरी कसोटी सिक्युरिटीच्या रांगेत, आणि तीही कॅमेऱ्याचा रोल घेऊन निघालेल्यांचीच. हे लोक पुन्हा दिसू लागलेत. आजोबांचा कॅमेरा माळ्यावरून काढून तरुण मुलं त्यात रोल भरतायत, लग्नाकार्यात इन्स्टॅक्सवर हातोहात फोटो निघतायत.

रांगेतलं तपासणीचं यंत्र क्ष-किरणांवर चालतं, आणि क्ष-किरण व फोटो यांची गाठ पहिल्यापासूनची. १८९५ च्या नोव्हेंबरात रोंटगेनने हे किरण शोधले आणि डिसेंबरात बायकोच्या हाताची हाडं फोटोच्या काचेवर उमटवली. फिल्मवरच्या चांदीच्या क्षारांना उजेड काय आणि क्ष-किरण काय, सारखेच. खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. अशा उद्योगात तोफगोळ्याच्या आतली चीर किंवा पोकळी हुडकायला जगभर हेच तंत्र वापरतात. तिथं कामाला येणारा हा गुण प्रवाशाच्या मुळावर येतो. रोल धुतल्यावर निगेटिव्हवर करडी झाक चढलेली असते, सावल्या मळकट होतात, कधी लाटेसारखे पट्टे उमटतात. शिवाय प्रत्येक तपासणीचा मार आधीच्यात जमा होत जातो.

चेक-इन बॅगेचं यंत्र सर्वांत जहाल. त्या बॅगेत रोल ठेवणं म्हणजे तो हातानं वाया घालवणं. हँडबॅगेचं जुनं यंत्र सौम्य. त्यातून आयएसओ १०० किंवा ४०० चा रोल (हा आकडा जितका मोठा, तितकी फिल्म संवेदनशील) एक-दोनदा गेला तरी सहसा निभावतं. ८०० आणि त्यापुढच्या रोलची मात्र खात्री नाही, आणि इन्स्टॅक्सची फिल्म नेमकी ८०० ची असते! आता हँडबॅगेलाही सीटी स्कॅनर येतायत. बॅगेभोवती फिरून ते सगळ्या बाजूंनी प्रतिमा घेतात. रोल कमी आयएसओचा असला तरी या यंत्रात घालू नका, असं कोडॅक आणि इलफर्ड या कंपन्याच सांगतात. ‘लॅपटॉप बॅगेतच राहू द्या’ असं सांगितलं, तर समोर सीटी असण्याची शक्यता धरा.

शिशाच्या पिशवीवर विसंबू नका. पडद्यावर काळा ठोकळा दिसला की बॅग उघडायला लावतात, नाहीतर पुन्हा यंत्रात घालतात.

त्यापेक्षा रोल डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवा, वेळ हाताशी ठेवून पोहोचा आणि हातानं तपासण्याची विनंती करा. अमेरिकेत ती सहसा मान्य होते. आपल्याकडे समोरच्या जवानाच्या मर्जीवर असतं, तेव्हा हुज्जत घालू नका. कॅमेऱ्यात भरलेला रोलही विसरू नका. कॅमेरा यंत्रात गेला की रोलही गेलाच.

धुतलेल्या निगेटिव्हला आणि मेमरी कार्डाला या यंत्रांचं भय नाही. म्हणून जमत असेल तर परतीच्या विमानाआधी तिथंच एखादी लॅब गाठा आणि रोल धुऊन घ्या.