वाळवंटात मुक्काम? आधी पाण्याचा हिशेब

परवा एक गृहस्थ दवाखान्यात आले. डिसेंबरात जैसलमेरजवळच्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात सहकुटुंब तंबूत राहायचे, माळढोक पाहायचा, असा बेत. कॅमेऱ्याची तयारी जय्यत. पाण्याचा विचार शून्य! उद्यान तीन हजार चौरस किलोमीटरहून मोठे आणि मोठे रुग्णालय जैसलमेरलाच, म्हणजे समपासून सुमारे ४० किलोमीटरवर.

कोरड्या हवेत घाम येताच वाळतो, त्यामुळे तो येतच नाही असे वाटते. तहानेची वाट पाहू नये. माणशी रोज चार-पाच लिटर पाणी धरावे. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडले समजा. या गृहस्थांची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी! अशांनी आधी डॉक्टरांना विचारावे. गोळी मनाने बंद करू नये. जुलाब लागल्यास लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे.

रात्री कडाक्याची थंडी पडते, कानटोपी हवीच.

फुरसे, विंचू थंडीत कमी दिसतात, तरी बूट झटकूनच घाला. साप चावल्यास आवळपट्टी, चिरा नको. अवयव न हलवता रुग्णालय गाठा. विंचवाने घाम, उलट्या सुरू झाल्यासही तेच. त्यावर प्राझोसिन उपयोगी पडते हे आपल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवले, पण ते द्यायचे डॉक्टरांनीच.