टेस्ट बेंचवरचा उंदीर

माझं गाव वैराग, तालुका बार्शी. मागच्या वर्षी ज्वारीच्या काढणीत माझ्या चुलत्यांच्या, म्हणजे तात्यांच्या पायात धसकट घुसलं. तात्यांना बारा वर्षांपासून शुगर. हळद लावून दोन दिवस काम करत राहिले. तिसऱ्या दिवशी थंडीताप आला, चौथ्या दिवशी असंबद्ध बोलायला लागले. सोलापूरला नेलं तेव्हा वरचं बीपी सत्तरच्या खाली. डॉक्टर म्हणाले, "सेप्टिक शॉक."

मित्रांनो, सेप्टिक शॉक म्हणजे नुसते जंतू नव्हेत. जंतूंशी लढताना शरीराची संरक्षण यंत्रणाच बेताल होते. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतून पाणी झिरपतं, बीपी कोसळतं आणि किडनी, फुप्फुसं, मेंदू एकेक करून बंद पडू लागतात. २०१७ या एका वर्षात जगभरात सेप्सिसने अंदाजे १ कोटी १० लाख माणसं गेली.

मी विचारलं, "या बिघडलेल्या यंत्रणेवरच एखादं इंजेक्शन नाही का?"

डॉक्टर म्हणाले, "अँटिबायोटिक, सलाईन, बीपी वाढवायचं औषध, लागलं तर स्टेरॉइड. खास असं औषध नाही. उंदरांवर बरीच चालली, माणसांवर नाही."

हे वाक्य डोक्यातून जाईना. कॉलेजला परतल्यावर वाचत गेलो आणि लक्षात आलं, अरे, हा तर आपलाच विषय. टेस्टिंग!

आमच्याकडे रिवाइंडिंगच्या दुकानात मोटर झकास फिरते, विहिरीवर नेली की जळते. दुकानात व्होल्टेज पूर्ण आणि मोटरवर लोड नाही. शेतात व्होल्टेज कमी आणि लोड पूर्ण. दोष दर वेळी मोटरचा नसतो, टेस्टचाही असतो.

उंदरांचं तसंच झालं. जुनी पद्धत म्हणजे जंतूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन टोचायचं. पण उंदीर माणसापेक्षा हजारो पट जास्त डोस सहन करतो! १९८० साली दुसरी पद्धत मांडली गेली. आतड्याचा एक भाग बांधून त्याला सुईने भोक पाडायचं. यातला जंतुसंसर्ग खरा असतो. तरी उंदीर बहुतेक वेळा तरुण, निरोगी, स्वच्छ पिंजऱ्यात वाढलेला, आणि पुष्कळदा त्याला अँटिबायोटिकही नाही, सलाईनही नाही. आमचे तात्या त्रेसष्ट वर्षांचे, शुगरवाले, जन्म गोठ्यात आणि मातीत गेलेला, आणि दोन्ही उपचार चालू. मग बेंचवरचं रीडिंग जुळणार कसं?

एरिटोरान या औषधाचं असंच झालं. प्राण्यांवर आशा दाखवली, पण सुमारे दोन हजार रुग्णांवर तपासल्यावर मृत्यू कमी झाले नाहीत. हा निकाल २०१३ साली प्रसिद्ध झाला.

मग टेस्ट बेंच सुधारायचा कसा? २०१९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लॅबच्या उंदरांचे भ्रूण त्यांनी रानटी माद्यांच्या पोटात वाढवले. पिल्लांची जनुकं लॅबची, पण अंगावरचे आणि आतड्यातले जंतू रानातले. शरीरातल्या टीएनएफ या प्रथिनाला अडवणारं औषध शॉकमधल्या साध्या लॅबच्या उंदरांना वाचवत होतं. या नव्या उंदरांना त्याने वाचवलं नाही, आणि माणसांतही हा उपाय आधीच फसलेला होता. म्हणजे असा बेंच आधी असता, तर अपयश आधीच दिसलं असतं.

२०१७ साली व्हिएन्नात तज्ज्ञ जमले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या शिफारशी छापून आल्या. प्राण्याला माणसासारखे अँटिबायोटिक आणि सलाईन द्या, वय आणि मधुमेहासारखे आजार विचारात घ्या, वेदनाशामक द्या, तो मरेपर्यंत थांबू नका. मुक्या जिवाची दया तर आहेच, पण वेदनेने तळमळणाऱ्या प्राण्याचं रीडिंगही बिघडतं.

तोवर आपल्या हातात काय? वेळ! गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांचा सेप्सिस ओळखायला आणि त्यावर घरीच अँटिबायोटिक द्यायला शिकवलं. घरच्या घरी केलेल्या या सगळ्या काळजीमुळे दर हजारी ६२ बाळं दगावत होती, ती २५ वर आली. हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. औषधं जुनीच होती, फक्त वेळेवर मिळाली.

तात्यांची दोन बोटं गेली, पण अकराव्या दिवशी ते घरी आले. म्हणून सांगतो, जखमेनंतर ताप, धाप, भ्रम किंवा लघवी कमी झाली, तर हळद लावून वाट पाहू नका. तडक दवाखाना गाठा.